आधी अंधार मोजा: पहिला झिंक ऑक्साइड डिटेक्टर करणाऱ्यांसाठी

गावातल्या खांबावरचा दिवा संध्याकाळी आपोआप लागतो, तेव्हा त्याच्या डबीत बऱ्याचदा एक एलडीआर बसलेला असतो. शेंगदाण्याएवढी चकती, वर नागमोडी पट्टी. ही पट्टी कॅडमियम सल्फाइडची असते. उजेड पडला की तिचा रोध उतरतो आणि अंधार झाला की चढतो. दहा-वीस रुपयांचा हा भाग हातात घेऊन मल्टिमीटरवर ओहम बघा, मग त्यावर बोट ठेवून परत बघा. हे केलं की नॅनो डिटेक्टरचा निम्मा धडा झाला.

उरलेला निम्मा धडा म्हणजे हा लेख. दरवर्षी दिवाळीनंतर एम.एस्सी.ची मुलं प्रकल्प शोधत येतात आणि "सर, नॅनोचा सेन्सर करायचाय" म्हणतात. धुळ्याहून, शहाद्याहून, चोपड्याहून, कुठून कुठून येतात. कॉलेजात निर्वात यंत्र नसतं, असलं तर त्याचा पंप दुरुस्तीला गेलेला असतो. अशा मुलांना मी डोळे झाकून एकच गोष्ट सुचवतो: काचेवर झिंक ऑक्साइडचे नॅनोरॉड, म्हणजे अतिबारीक कांड्या, वाढवा आणि त्याचा अतिनील डिटेक्टर करा. भट्टी, काटा, बीकर आणि चिकाटी एवढ्यावर तो होतो.

कोणता पदार्थ कोणता उजेड ओळखतो, ते त्याच्या बँड गॅपवर ठरतं, म्हणजे त्यातला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणाऱ्या किमान ऊर्जेवर. हिशोब सोपा आहे. १२४० ला इलेक्ट्रॉन व्होल्टमधल्या बँड गॅपने भागा, उत्तर नॅनोमीटरमध्ये येतं. त्याहून लांब तरंगलांबीचा उजेड पदार्थातून तसाच निघून जातो. सिलिकॉनचा गॅप १.१२, म्हणजे मर्यादा सुमारे ११०० नॅनोमीटर. कॅडमियम सल्फाइडचा २.४२, म्हणजे सुमारे ५१२, हिरव्याच्या आसपास. झिंक ऑक्साइडचा ३.३७, म्हणजे सुमारे ३६८, सरळ अतिनीलमध्ये. डोळ्याला दिसणारा उजेड त्याला जवळपास कळतच नाही, आणि अतिनील डिटेक्टरला हेच हवं असतं. कॅडमियम विषारी आहे, त्याचं उरलेलं पाणी मोरीत ओतता येत नाही. पहिल्याच प्रकल्पात ती जोखीम कशाला?

इथेच पहिला खड्डा आहे, म्हणून आधीच सांगतो. नोटा तपासायची जांभळी टॉर्च बाजारात स्वस्त मिळते आणि मुलं तीच घेऊन येतात. तिच्यातला एलईडी बहुधा ३९५ नॅनोमीटरचा असतो. भागून बघा, ३.१४ इलेक्ट्रॉन व्होल्ट. झिंक ऑक्साइडच्या गॅपपेक्षा कमी. तिने थोडाफार प्रवाह वाढलेला दिसेल, पण तो स्फटिकातल्या दोषांमुळे. ३६५ नॅनोमीटरचा एलईडी मागवा. आणि त्याच्याकडे थेट बघू नका. तो दिसायला मंद असतो म्हणून डोळे मिटत नाहीत, आणि इजा तिथेच होते. अतिनील रोखणारा चष्मा लावूनच काम करा.

काच आणि बीजथर

साधी सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी घ्या. एफटीओची, म्हणजे फ्लोरिनयुक्त टिन ऑक्साइडचा थर दिलेली, काच पहिल्या खेपेला नको. एफटीओ स्वतः वीजवाहक असते. वर नॅनोरॉड वाढवून तारा जोडायला दोन ठिपके दिले की प्रवाह नॅनोरॉडना विचारतही नाही, खालच्या थरातून सरळ पलीकडे जातो. मग दिवा लावा की विझवा, आकडा हलत नाही आणि "सर, आमचे रॉड खराब" अशी तक्रार येते. साध्या काचेवर ही भानगडच नाही.

काच साबणाने धुवा, नंतर डिस्टिल्ड पाणी, ॲसिटोन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्रत्येकात दहा मिनिटं अल्ट्रासॉनिक बाथ. आपल्याकडे बोअरचं पाणी इतकं क्षाराचं की काच वाळली की पांढरे डाग उठतात. शेवटचं धुणं कधीही नळाच्या पाण्याने करू नका. बॅटरीत घालायचं पाणी वरवरच्या खंगाळण्याला चालतं, द्रावणाला नाही. जिनिंगच्या हंगामात आणखी एक त्रास होतो. हवेत कापसाचे तंतू असतात, ते ओल्या काचेवर बसतात आणि पुढे तिथे टक्कल पडतं. काच झाकून वाळवा.

आता बीजथर. उघड्या काचेवर नॅनोरॉड उभे राहत नाहीत, त्यांना पाय रोवायला आधी झिंक ऑक्साइडचे बारीक कण लागतात. ५० मिलिलिटर इथेनॉलमध्ये ०.०५५ ग्रॅम झिंक ॲसिटेट डायहायड्रेट विरघळवा, म्हणजे ५ मिलिमोलरचं द्रावण होतं. मिलिग्रॅम दाखवणारा काटा लागेल. जळगाव सोन्याचं गाव, असा काटा इथे कुणाला नवा नाही. स्पिन कोटर (काच गरगर फिरवून द्रावणाचा पातळ थर देणारं यंत्र) असेल तर उत्तम. नसेल तर थेंब टाका, दहा सेकंद थांबा, इथेनॉलने धुवा, वाळवा, आणि हे चार-पाच वेळा करा. मग भट्टीत ३५० अंशांवर अर्धा तास. काच भट्टी गार झाल्यावरच बाहेर काढा, घाई केली तर तडकते. बीजथर डोळ्यांना दिसणार नाही. न दिसणं हीच त्याची चांगली खूण.

रॉड वाढवणं

१०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात ०.७४४ ग्रॅम झिंक नायट्रेट हेक्साहायड्रेट आणि ०.३५ ग्रॅम हेक्झामीन. दोन्ही २५ मिलिमोलर, समसमान. झिंक नायट्रेट हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात बाटली उघडी राहिली तर तुम्ही पाणीच वजन करत बसाल. पटकन मोजा, झाकण लावा. नायट्रेट ऑक्सिडीकारक आहे आणि हेक्झामीन जळतं, तेव्हा दोन्हींच्या बाटल्या एका कप्प्यात शेजारी ठेवू नका.

काच द्रावणात उभी किंवा तिरकी ठेवा, बीजथराची बाजू खाली. पालथी का? द्रावणात आपोआप तयार होणारा पांढरा गाळ खाली बसतो. बाजू वर असेल तर तोच गाळ तुमच्या रॉडवर पडतो. बीकरला ॲल्युमिनियमची फॉइल लावा आणि ९० अंशांवर चार तास ओव्हनमध्ये ठेवा. गरम झालं की हेक्झामीन सावकाश फुटतं आणि अमोनिया सोडतं, त्यातून हळूहळू हायड्रॉक्साइड मिळत राहतं, आणि झिंक ऑक्साइड बीजकणांवर जमत जातं. त्याच्या स्फटिकाचा कल एका दिशेला लांब वाढण्याचा असतो, म्हणून षटकोनी कांड्या उभ्या राहतात. सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र बघितलं की मला दादर ज्वारीचं दाट शेत आठवतं, फक्त प्रत्येक ताट शंभरएक नॅनोमीटर जाडीचं आणि एक-दोन मायक्रोमीटर उंचीचं.

चार तासांत वीज गेली तर काय? आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. दहा-पंधरा मिनिटं गेली तर ओव्हनचं दार उघडू नका, आतली उष्णता टिकते. तासभर गेली तर नमुना टाकून द्या. थंड-गरम झालेल्या द्रावणातून आलेले रॉड दोन वेगळ्या जाडीचे निघतात आणि मग त्याचं स्पष्टीकरण देता देता अहवालाची चार पानं वाया जातात.

बाहेर काढल्यावर कोमट डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि ३५० अंशांवर अर्धा तास तापवा, म्हणजे चिकटलेलं सेंद्रिय जळून जाईल. काच दुधाळ दिसली पाहिजे, सगळीकडे सारखी. मागची बाजूही दुधाळ झाली असेल तर सौम्य आम्लात बुडवलेल्या कापसाने पुसा, नाहीतर उजेड कुठून किती गेला याचा हिशोब चुकेल. विद्यापीठात एक्स-रे डिफ्रॅक्शन करून मिळालं तर ३४.४ अंशांच्या आसपासचं शिखर बाकीच्यांपेक्षा उंच आलं पाहिजे. तेच रॉड उभे असल्याचं सांगतं.

तारा जोडणं

थर्मल इव्हॅपोरेटर (निर्वातात धातूची वाफ करून थर देणारं यंत्र) असेल तर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या द्या. नसेल तर सिल्व्हर पेस्ट. एक मिलिमीटर रुंदीची चिकटपट्टी काचेवर लावा, दोन्ही बाजूंना पेस्टची सरळ पट्टी ओढा, चिकटपट्टी काढा. मध्ये एक मिलिमीटरची स्वच्छ फट राहते. १२० अंशांवर अर्धा तास वाळवा. तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते. शेतातल्या मोटारी जळायचं प्रमाण बघता असं दुकान नसलेलं गाव आपल्याकडे सापडणं कठीण. पण या तारेवर इनॅमलचा मुलामा असतो. टोकं ब्लेडने खरवडा. मल्टिमीटरवर तारेचा रोध शून्याजवळ आल्याशिवाय पुढे जाऊ नका. तीन दिवस "डिटेक्टर बंद आहे" म्हणून रडणाऱ्या एका मुलाला मी फक्त तार खरवडायला सांगितलं होतं.

अंधार

साक्रीजवळ २०१३ पासून १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प चालतो. तिथला सौरघट रात्री काय करतो याची कुणी फिकीर करत नाही, दिवसा वीज दिली की झालं. डिटेक्टरचं उलटं आहे. काहीच नसताना तो किती प्रवाह सोडतो, यावरच पुढचं सगळं उभं असतं. आकडेवारीतली निम्मी खोटी कौतुकं अंधार नीट न मोजल्यामुळे होतात, असं माझं मत आहे आणि त्यावर मी भांडायला तयार आहे.

नवीन नमुना झाला की मुलं लगेच दिवा लावून बघतात. माझ्या पहिल्या नमुन्याचंही मी हेच केलं. मे महिना होता, नमुना खिडकीतल्या टेबलावर दिवसभर पडलेला. आणून जोडला तर अंधाराचा प्रवाह इतका मोठा की एलईडी लावल्यावर जेमतेम सवाईने वाढला. पदार्थ वाया गेला म्हणून मी दुसरा करायला घेतला. पहिला रात्रभर डब्यात राहिला आणि सकाळी सहज मोजला, तर अंधाराचा प्रवाह पार खाली आलेला, आणि तोच एलईडी आता प्रवाह कित्येक पटींनी वाढवत होता.

कारण पृष्ठभागावर आहे. अंधारात हवेतला ऑक्सिजन रॉडच्या अंगावर बसतो आणि रॉडमधला एकेक इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. प्रवाह घटतो. अतिनील पडलं की आत इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) यांची जोडी होते. होल पृष्ठभागाकडे जातं आणि ऑक्सिजनला मोकळं करतं. धरलेला इलेक्ट्रॉन सुटतो, प्रवाह चढतो. दिवा विझला तरी ऑक्सिजन परत येऊन बसेपर्यंत प्रवाह उतरत नाही, आणि हे बसणं सेकंदांत होतं तसं तासांतही होतं. खिडकीतल्या उन्हाने माझा नमुना असाच भरून ठेवला होता. रॉड बारीक, म्हणजे पोटाच्या मानाने पृष्ठभाग अफाट, म्हणून सपाट थरापेक्षा नॅनोरॉडमध्ये ही गोष्ट जास्त जाणवते.

तेव्हा नमुना झाला की रात्रभर बंद डब्यात. काळं कापड पुरत नाही, पत्र्याचा डबा घ्या, आतून काळा रंग द्या, तारांसाठीचं छिद्र काळ्या टेपने बुजवा. पाच व्होल्ट लावा आणि दर मिनिटाला प्रवाह नोंदवा. सलग दहा नोंदी स्थिर आल्या तरच तो अंधाराचा प्रवाह. डबा उन्हात असेल तर आकडा वर सरकत राहील. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. तेव्हा मोजमाप पहाटे करा आणि खोलीचं तापमान प्रत्येक नोंदीशेजारी लिहा.

उजेड

सोर्समीटर (व्होल्टेज देऊन प्रवाह मोजणारं यंत्र) असेल तर काम सोपं. नसेल तर नमुन्याशी एक रेझिस्टर एकसर जोडा, त्यावरचा व्होल्टेज वाचा, ओहमच्या नियमाने प्रवाह काढा. रेझिस्टर कितीचा, इथे डोकं लावा. समजा नमुन्यावर पूर्ण पाच व्होल्ट असताना अंधारात २ आणि उजेडात ४२ मायक्रोॲम्पिअर येतात. १०० किलोओहम लावला तर वाचायला सोपं, पण उजेडात पाचातले सव्वादोन व्होल्ट तोच खाऊन टाकेल आणि नमुन्याला जेमतेम पावणेतीन उरतील. मग तुम्ही अंधारात एका व्होल्टेजवर आणि उजेडात दुसऱ्याच व्होल्टेजवर मोजताय. १० किलोओहम लावा. उजेडात तो सुमारे ०.४ व्होल्टच घेतो, अंधारात ०.०२. व्होल्टेज वाचायला आर्डुइनो हा छोटा संगणक-बोर्ड घेतला तर त्याची साधी पायरी ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे अंधाराला जेमतेम चार पायऱ्या मिळतात. व्होल्टेज बारीक पायऱ्यांत वाचणारी सोळा बिटांची एडीएस १११५ चिप जोडा, स्वस्त आहे, आणि ही अडचण संपते.

एलईडी ठराविक अंतरावर पक्का करा. तीस सेकंद चालू, साठ सेकंद बंद, असं किमान पाच वेळा. पाचही टेकड्या सारख्या आल्या पाहिजेत. प्रत्येक टेकडी आधीच्याहून उंच येत असेल तर बंद वेळ वाढवा, नमुना पूर्ण रिकामा होत नाहीये. मग लाल एलईडी लावून बघा. लाल उजेडातही प्रवाह सावकाश चढला तर तो बहुधा उष्णतेचा आहे. हॅलोजनचा दिवा वापरणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो.

चढायला लागणारा वेळ म्हणजे अंतिम वाढीच्या १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंतचा. उतरण्याचा तसाच, उलटा. उतरताना आधी झटकन आणि मग रेंगाळत, असा दुहेरी उतार दिसेल. दोन्ही भाग लिहा, फक्त झटकन वाला लिहून मोकळे होऊ नका.

आकडे

आता हिशोब. वरचंच उदाहरण घेऊ. प्रकाशाचा प्रवाह म्हणजे ४२ वजा २, अर्थात ४० मायक्रोॲम्पिअर. फट एक मिलिमीटर, पट्टीची लांबी दहा मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ०.१ चौरस सेंटिमीटर. पॉवर मीटरने त्या जागी प्रकाशाची तीव्रता चौरस सेंटिमीटरला १ मिलिवॅट भरली, तर नमुन्यावर पडलेली शक्ती ०.१ मिलिवॅट. ४० मायक्रोॲम्पिअर भागिले ०.१ मिलिवॅट म्हणजे वॅटला ०.४ ॲम्पिअर. ही रिस्पॉन्सिव्हिटी. क्षेत्रफळ फटीचंच घ्या, चांदीच्या पट्टीखालचं नाही आणि पूर्ण काचेचंही नाही. पॉवर मीटरची नळी नमुन्याच्याच जागी ठेवा. चार बोटं अंतर बदललं तरी आकडा कुठल्या कुठे जातो.

यावरून क्वांटम एफिशिअन्सी, म्हणजे एका फोटॉनमागे किती इलेक्ट्रॉन मिळाले: ०.४ गुणिले १२४० भागिले ३६५, म्हणजे १.३६, शेकड्यात १३६. इथे मुलं घाबरतात. एका फोटॉनमागे एकाहून जास्त इलेक्ट्रॉन? भौतिकशास्त्र मोडलं का? नाही मोडलं. गिरणेचं आवर्तन सुटलं की पाटाचं दार जोवर उघडं, तोवर पाणी वाहतं. होल पृष्ठभागावर अडकून पडलं की दार उघडंच राहतं. एक इलेक्ट्रॉन एका टोकाने बाहेर पडला की दुसऱ्या टोकाने नवा आत येतो, आणि हे दार मिटेपर्यंत चालतं. दार जितकं जास्त वेळ उघडं, तितकं पाणी जास्त. पण मग पाट बंद पडायलाही तितकाच उशीर. म्हणून ज्या नमुन्याची रिस्पॉन्सिव्हिटी अफाट असते तो सहसा सुस्त असतो. संवेदनशील हवा की चपळ, हे आधी ठरवा. दिवसभराचं अतिनील नोंदवायचं असेल तर सुस्त चालेल. ज्योत ओळखायची असेल तर नाही चालणार.

तिसरा आकडा डिटेक्टिव्हिटी, म्हणजे किती मंद उजेड ओळखता येतो त्याचं माप, एकक जोन्स. रिस्पॉन्सिव्हिटीला क्षेत्रफळाच्या वर्गमुळाने गुणा, आणि इलेक्ट्रॉनचा भार गुणिले अंधाराचा प्रवाह याच्या दुपटीच्या वर्गमुळाने भागा. आपल्या उदाहरणात १.६ गुणिले १० चा ११ वा घात येतो. आकडा भारी दिसतो, पण या सूत्रात फक्त अंधाराच्या प्रवाहाचा शॉट नॉइज (इलेक्ट्रॉन एकेक येतात म्हणून होणारी प्रवाहाची थरथर) धरलेला आहे. दाणेदार, सांध्यांनी भरलेल्या नमुन्यात कमी वारंवारतेचा गोंगाट त्याहून मोठा असतो, आणि खरा आकडा खाली असतो. अहवालात "शॉट नॉइज धरून" हे तीन शब्द लिहा. तोंडी परीक्षेत बाहेरचा परीक्षक नेमकं हेच विचारतो.

आणि कुणाच्या तरी शोधनिबंधातला आकडा आपल्याशेजारी ठेवून खट्टू होऊ नका. व्होल्टेज दुप्पट केला की रिस्पॉन्सिव्हिटी वाढते. उजेड मंद केला तरी बहुतेक वेळा वाढते, कारण प्रकाशाचा प्रवाह तीव्रतेच्या प्रमाणात पूर्ण वाढत नाही, मागे पडत जातो. तरंगलांबी, व्होल्टेज आणि तीव्रता न सांगता दिलेला आकडा म्हणजे गावाचं नाव न सांगता दिलेलं अंतर. तीन-चार वेगवेगळ्या तीव्रतांवर मोजा आणि आलेख द्या.

हवेचं एक राहिलं. माझ्याकडे एकाच नमुन्याच्या एप्रिलच्या आणि ऑगस्टच्या नोंदी आहेत, त्या दोन वेगळ्या नमुन्यांच्या वाटतात. पावसाळ्यात बाष्प रॉडच्या अंगावर बसून ऑक्सिजनची जागा अडवतं, अंधाराचा प्रवाह वर जातो, उतार बदलतो. तुलना करायची असलेले सगळे नमुने एकाच आठवड्यात मोजा. नमुना सिलिका जेल टाकलेल्या डबीत ठेवा, डबीवर तारीख, वाढीचे तास आणि शेवटचा अंधाराचा प्रवाह लिहा. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. प्रवाह एकदम पडलेला दिसला तर रॉडना दोष देण्याआधी सिल्व्हर पेस्टचा ठिपका नखाने हलवून बघा, बहुतेक वेळा तोच सुटलेला असतो.